‘कुठे आहे?’ एवढे तरी विचारा : नाशिकच्या औषध विक्रेत्यांना खुले पत्र

नाशिक शहर आणि जिल्ह्यातील औषध विक्रेते आणि फार्मासिस्ट बंधू-भगिनींनो,



“चामखिळीचं औषध द्या,” असे म्हणून एखादे गिऱ्हाईक तुमच्या काउंटरवर उभे राहते, तेव्हा त्याने अर्धेच वाक्य उच्चारलेले असते. चामखीळ मानेवर आहे, बोटावर आहे, की गुप्तांगावर, हे ते सांगत नाही. मागे दोघे-तिघे उभे असतात, शेजारी कोणी मुलाच्या तापाचे सिरप मागत असते, आणि आपल्याकडे या जागेचे नाव चारचौघांत घेतले जात नाही. काउंटरच्या आतूनही तो प्रश्न येत नाही. मग सॅलिसिलिक आणि लॅक्टिक ॲसिडच्या पेंटची छोटी बाटली पुढे सरकते. ते पेंट हातापायांच्या जाड कातडीसाठी बनवलेले असते, आणि चेहऱ्यावर व गुप्तांगावर ते लावायचे नसते. जिथली कातडी सर्वांत पातळ, तिथे ते रात्री लावले जाते आणि सकाळी तिथे जखम असते. विचारला न गेलेला तो एक प्रश्न आणि त्यामागचे सारे न झालेले बोलणे, याबद्दल हे पत्र आहे. रागाने लिहीत नाही; पण तक्रार आहे, आणि ती तुमच्याकडेच करण्याचे कारणही आहे.

आधी आजाराबद्दल थोडे, कारण भीती इथूनच सुरू होते. गुप्तांगावरच्या आणि गुदद्वाराभोवतीच्या चामखिळी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे येतात. त्यातल्या सुमारे नव्वद टक्के चामखिळींमागे या विषाणूचे ६ आणि ११ क्रमांकाचे प्रकार असतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला मुख्यतः कारणीभूत ठरणारे १६ आणि १८ हे प्रकार वेगळे. म्हणजे ही चामखीळ हा कर्करोग नाही आणि सहसा त्याची पायरीही नाही. विषाणू शरीरात आल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत काही आठवडे जातात, काही महिने जातात, कधी त्याहून जास्त काळ जातो. त्यामुळे ती कोणाकडून कोणाला आली याचा हिशेब चामखीळ पाहून मांडता येत नाही, आणि घराघरांत जे संशयाचे रामायण घडते त्याला वैद्यकीय आधार नसतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : मलम लावून चामखीळ जाते, पण विषाणू लगेच जातोच असे नाही. ती पुन्हा येऊ शकते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत पाच टक्के इमिक्विमॉड क्रीम लावणाऱ्या स्त्रियांपैकी ७२ टक्के जणींच्या चामखिळी पूर्ण गेल्या, पुरुषांमध्ये हे प्रमाण ३३ टक्के होते. स्त्रियांना त्यासाठी साधारण आठ आठवडे लागले, पुरुषांना बारा. हा दोन दिवसांत आटपणारा उपचार नाही. रुग्ण स्वतःच्या हाताने, न्हाणीघराचे दार लावून, कोणालाही न दाखवता तीन-तीन महिने तो करत असतो. डॉक्टर सोबत नसतात, नर्स नसते. चिठ्ठीवरची दोन ओळींची खूण आणि काउंटरवर ऐकलेले चार शब्द एवढीच त्याची शिदोरी असते.

हे चार शब्द इतके जड का, ते औषधांच्या घड्याळांकडे पाहिले की कळते. इमिक्विमॉड चामखिळीला जाळत नाही. ते त्या जागेची प्रतिकारशक्ती जागी करते आणि शरीर स्वतःच विषाणूवर तुटून पडते. म्हणून ते आठवड्यातून तीनच रात्री, मध्ये एकेक दिवस सोडून, पातळ थरात लावायचे, सहा ते दहा तासांनी साबण-पाण्याने धुवायचे आणि जास्तीत जास्त सोळा आठवडे वापरायचे. पोडोफायलोटॉक्सिनचे अर्धा टक्का द्रावण पेशींचे विभाजन थांबवते. ते सकाळ-संध्याकाळ लागोपाठ तीन दिवस लावायचे, मग चार दिवस पूर्ण विश्रांती, आणि असे चार फेरे झाले की थांबायचे. दिवसाला अर्धा मिलिलिटरपेक्षा जास्त नाही, आणि दहा चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठ्या जागेवर नाही. तिसरे पोडोफायलिन, वीस-पंचवीस टक्क्यांचे राळेसारखे कच्चे औषध. ते डॉक्टरांनी स्वतः आठवड्यातून एकदा लावायचे, भोवतालच्या कातडीला व्हॅसलिनचा लेप देऊन, आणि तीन-चार तासांत धुऊन काढायचे. एकाला रात्र चालते, दुसऱ्याला चार दिवसांची रजा लागते, तिसरे दुपारच्या जेवणाआधी धुतले गेले पाहिजे. यांतले एक घड्याळ दुसऱ्या औषधाला लावले की उपचाराची दुखापत होते. रोज लावले तर लवकर जाईल, ही समजूत आपल्याकडे सर्वत्र आहे. इमिक्विमॉडने जागा लाल होणे, खाजणे, थोडी सोलणे अपेक्षितच असते. कोणी ते पाहून घाबरते आणि औषध कायमचे सोडते; कोणी ‘लागू पडतंय’ म्हणून आणखी जाड थर चढवते आणि व्रण पाडून घेते. काही जणांच्या कातडीचा रंग त्या जागी उडतो आणि परतत नाही. सावळ्या कातडीवर तो डाग अधिक उठून दिसतो, आणि कोड आले म्हणून दुसरीच धास्ती सुरू होते. काही दिवस औषध थांबवून, जागा शांत झाली की पुन्हा सुरू करता येते, हे एक वाक्य कोणी सांगितले असते तर दोघेही वाचले असते.

नावांचा घोळ वेगळाच. पोडोफायलिन आणि पोडोफायलोटॉक्सिन ही नावे बोलताना जवळजवळ सारखी वाटतात, चिठ्ठीवरच्या घाईच्या अक्षरात तर एकच दिसतात. दोन्हींचे मूळही एकच. हिमालयात वनककडी नावाची वनस्पती आहे, तिच्या जमिनीतल्या खोडाची राळ म्हणजे पोडोफायलिन. अमेरिकेत तिच्या चुलतबहिणीच्या राळेचा या चामखिळींवरचा गुण १९४२ साली कॅप्लान नावाच्या डॉक्टरांनी नोंदवला आणि तेव्हापासून ते औषध जगभर गेले. शुद्ध पोडोफायलोटॉक्सिन त्या राळेतून वेगळे काढलेले, मोजून अर्ध्या टक्क्यावर आणलेले. राळेचे तसे नाही. तिच्यात विषारी घटक किती हे प्रत्येक खेपेला सारखे असेलच असे नाही. मोठ्या किंवा ओल्या जखमेवर ती लावून तशीच ठेवल्यामुळे रक्तात भिनली, नसांना इजा झाली, रुग्ण दगावले, अशा नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून नॅकोने, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, २००७ च्या मार्गदर्शक सूचनांत पोडोफायलिन वैद्यकीय देखरेखीखालीच लावायचे, गरोदरपणात मुळीच नाही आणि रुग्णाला स्वतःच्या मनाने उपचार करण्यापासून सावध करायचे, असे बजावले. लैंगिक आजारांसाठी सरकारी केंद्रांतून सात वेगवेगळ्या रंगांची औषधांची किट हातात दिली जातात. चामखिळीसाठी मात्र तसे किट ठेवलेले नाही. तरीही पोडोफायलिनचे पेंट छोट्या बाटलीत दुकानातून मिळते आणि रुग्ण ती बाटली घेऊन सरळ घरी जातो. माझी पहिली विनंती या बाटलीपुरती : ती हातात देताना ‘हे डॉक्टरांकडे घेऊन जा, ते लावतील’ असे सांगितल्याखेरीज देऊ नका.

दुसरी तक्रार सुट्या विक्रीची. इमिक्विमॉड एकेका वेळेच्या पुडीत येते. खोके फोडून दोन पुड्या कापून दिल्या की माहितीपत्रक खोक्यात राहते, किंवा संध्याकाळी झाडूबरोबर जाते. पत्रक असले तरी ते बहुधा इंग्रजीत, तांदळाच्या कणीएवढ्या अक्षरांत. खिशाला जड म्हणून लोक दोनच पुड्या मागतात, हे खरे आहे, आणि त्यांना पूर्ण खोके घ्यायला लावा असे माझे म्हणणे नाही. पण पुडीसोबत पत्रक किंवा त्यातल्या सूचना गेल्याच पाहिजेत. याच्याच जोडीला आणखी एक सवय आहे. ‘खाली’ काहीही झाले, खाज असो, पुरळ असो, गाठ असो, की स्टेरॉइड मिसळलेले खाजेचे मलम द्यायचे. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये चौदा स्टेरॉइडची मलमे अनुसूची एचमध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असे ठरवले. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता. चामखिळीवर स्टेरॉइड लावणे तर उलट्या दिशेला चालणे आहे. ते त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबते, आणि बरे व्हायला नेमकी तीच लागते.

आता चिठ्ठीबद्दल. चिठ्ठी हा सरकारी कागद नाही, कोणी तरी डोळ्यांनी पाहिले आहे याचा तो पुरावा आहे. इथे पाहणे फार मोलाचे, कारण चामखिळीसारखे दिसणारे सगळे चामखीळ नसते. शिश्नाच्या कडेला ओळीने बारीक पांढरट दाणे असणे अनेक पुरुषांत स्वाभाविक असते. त्यावर ॲसिड लावणे म्हणजे निरोगी अंगाला भाजणे. याहून गंभीर म्हणजे सिफिलिस. या आजाराच्या दुसऱ्या टप्प्यात गुप्तांगावर ओलसर, चपट्या गाठी येतात आणि न सरावलेल्या डोळ्याला त्या चामखिळीच वाटतात. त्या काही काळाने आपोआपही मावळतात. मग रुग्णाला वाटते मलम लागू पडले, आणि आजार मात्र आत राहून पुढे मेंदू आणि हृदयापर्यंत जाऊ शकतो, गरोदर स्त्रीकडून बाळाला होऊ शकतो. तो ओळखायला रक्ताची एक साधी तपासणी लागते आणि सुरुवातीच्या टप्प्यात बरा करायला पेनिसिलिनचे इंजेक्शन पुरते. काउंटरवर दिलेली ट्यूब इथे मदत करत नाही, निदान लांबवते.

तुमच्या बाजूने काय म्हटले जाईल याची मला कल्पना आहे. संध्याकाळी सातला काउंटरवर गर्दी असते, एकेका गिऱ्हाइकाला पाच मिनिटे कोण देणार? प्रश्न रास्त आहे. पण या औषधाची गिऱ्हाइके दिवसाला दहा नसतात, आणि सांगायला लागतात ती मिनिटभराची वाक्ये. दुसरे म्हणणे असते, सांगण्याचे काम डॉक्टरांचे. ते डॉक्टरांचे आहेच, आणि घाईत ‘लोकल ॲप्लिकेशन’ एवढेच खरडून पाठवणाऱ्या डॉक्टरांवर स्वतंत्र पत्र लिहायला हवे. परंतु फार्मसी कौन्सिलच्या २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाला औषधाची मात्रा, वापरण्याची रीत, कालावधी, संभाव्य त्रास समजावून सांगणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे काम म्हणून लिहून ठेवले आहे, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणेही. तुमच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत जे प्रमाणपत्र टांगलेले आहे त्याचा अर्थ हाच. फार्मासिस्ट हा हिशेब करून पुडी बांधणारा नोकर नाही, असे तुम्ही स्वतःच सांगत आला आहात, आणि ते बरोबर आहे. तिसरे म्हणणे सर्वांत वजनदार : आम्ही चिठ्ठी मागितली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, नाहीतर भोंदूकडे. हे घडते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत परगावाहून आलेले कामगार, द्राक्षबागांवर आणि कांद्याच्या खळ्यांवर हंगामापुरते राहणारे मजूर, मुंबई-आग्रा महामार्गावरचे ट्रकचालक यांच्यासाठी मेडिकल दुकान हाच पहिला दवाखाना असतो. म्हणूनच ‘नाही’ म्हणून थांबू नका, पुढचा पत्ता द्या. जिल्हा रुग्णालयात लैंगिक आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक असते, तिथे तपासणी आणि समुपदेशन मोफत असते, माहिती बाहेर जात नाही. नॅकोची १०९७ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. हा क्रमांक लिहिलेला एक कागद काउंटरच्या काचेला आतून चिकटवलात तर तोंडाने काही न बोलताही निम्मे काम होईल.

महेश झगडे २०११ ते २०१४ या काळात अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना फार्मासिस्टची हजेरी आणि चिठ्ठी यांचा आग्रह धरला गेला, परवाने निलंबित झाले, विक्रेत्यांनी बंद पुकारले, हे तुम्ही विसरला नसाल. पुढे तेच नाशिकचे विभागीय आयुक्त म्हणूनही आले. त्या काळाचा कडवटपणा अजून काहींच्या मनात आहे. या पत्रामागे छाप्याची मागणी नाही. निरीक्षक आला म्हणून चिठ्ठी मागितली गेली तर तो गेल्यावर मागणे बंदही होते. मला हवी आहे ती चिठ्ठीमागची विचारपूस, आणि ती तुमच्या मनातूनच यायला हवी.

आडोशाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळे अडते ते तिथे. सॅनिटरी पॅड आपल्याकडे आजही वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून दिले जातात. जी वस्तू घेण्यात लाजण्यासारखे काहीच नाही ती लपवण्यात आपण पटाईत, आणि ज्या संभाषणाला खरोखर आडोसा हवा त्याला मात्र तो देत नाही. काउंटरच्या टोकाला, बिलाच्या संगणकापलीकडे, दोन फुटांची मोकळी जागा बहुतेक दुकानांत निघते. ‘जरा इकडे या’ एवढे म्हटले तरी पुरते. किंवा चिठ्ठीच्या पाठीवर लिहून विचारता येते. स्त्री-गिऱ्हाईक असेल आणि दुकानात स्त्री-फार्मासिस्ट असेल तर तिने बोलावे. ती गरोदर आहे का, हे तर विचारलेच पाहिजे. गरोदरपणात या चामखिळी झपाट्याने वाढू शकतात, म्हणजे नेमकी त्याच वेळी ती औषध शोधत येते. आणि त्याच वेळी पोडोफायलिन व पोडोफायलोटॉक्सिन दोन्ही वर्ज्य असतात, इमिक्विमॉडही डॉक्टरांनी ठरवल्याशिवाय घ्यायचे नसते. तिच्यासाठी गोठवून चामखीळ काढण्यासारखे उपाय रुग्णालयात आहेत. तिचा नवरा औषध न्यायला आला असेल तर त्यालाही विचारा, ‘कोणासाठी?’ र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू करून हे विषय मराठीत उघडपणे मांडले, त्याबद्दल खटले सोसले, आणि मासिक १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, चालवले. शब्द आपल्या भाषेत तेव्हापासून आहेत. ते वापरायला आजच्या काउंटरवर संकोच वाटू नये.

कारण काउंटरवर शब्द मिळाला नाही की माणूस कुठे वळतो हे तुम्हाला माहीत आहे. चुना आणि धुण्याचा सोडा कालवून चामखिळीवर ठेवणे, बिब्बा लावणे, रुईचा चीक लावणे, घोड्याच्या शेपटीच्या केसाने बांधणे, हे उपाय गावोगाव सांगितले जातात. हातावरच्या चामखिळीवरही ते धोक्याचे. बिब्ब्याने तर हातावरसुद्धा फोड उठतात. गुप्तांगावर त्यांनी खोल भाजते. दुसरी वाट भिंतींवर रंगवलेल्या ‘गुप्तरोग तज्ज्ञां’ची. गुप्तरोग बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे आणि तरी त्या भिंती पुन्हा रंगतात, कारण तिथे कोणी तरी त्या जागेचे नाव घेते. निदान एवढ्या बाबतीत तुम्ही त्यांच्या मागे राहू नये.

लशीचा उल्लेख करतो आणि आवरतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ती ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांविरुद्ध आहे, म्हणजे कर्करोगाबरोबर या चामखिळींपासूनही संरक्षण देते. झालेली चामखीळ मात्र ती बरी करत नाही. लस विचारायला येणाऱ्या आईबापांना दोन्ही गोष्टी सांगा.

शेवटची मागणी गोळे कॉलनीतल्या घाऊक विक्रेत्यांकडे आणि तुमच्या जिल्हा संघटनेकडे आहे. इमिक्विमॉडच्या प्रत्येक पुडीबरोबर देता येईल अशी तळहाताएवढी मराठी चिठ्ठी छापा. मजकूर एवढा पुरे : “आठवड्यातून तीनच रात्री, एक दिवस सोडून. पातळ थर, फक्त बाहेरच्या चामखिळीवर. आत लावू नये. सहा ते दहा तासांनी साबण-पाण्याने धुवावे. लावण्याआधी आणि नंतर हात धुवावेत. क्रीम अंगावर असताना संबंध टाळावेत. या क्रीमने निरोध कमकुवत होतो. जागा लाल होणे चालते. व्रण पडला, फार सुजले किंवा लघवीला त्रास झाला तर थांबून डॉक्टरांना दाखवावे. गरोदर असल्यास आधी विचारावे. सोळा आठवड्यांपुढे वापरू नये. शंका असल्यास १०९७.” पोडोफायलोटॉक्सिनसाठी दुसऱ्या रंगाची वेगळी चिठ्ठी लागेल, कारण त्याचे दिवस वेगळे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात, म्हसरूळला आहे. मजकूर तपासून द्यायला जाणकार दूर शोधावे लागणार नाहीत. गोळे कॉलनीतून औषधांची खोकी पेठ, सुरगाणा, कळवण, मालेगावपर्यंत जातात. या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा त्याच खोक्यात टाका.

आपला नम्र,
आरोग्यविषयक लेखन करणारा एक नाशिककर